लाल टाका

…खाली नका ठिवू ताई, फरशी ओली हाये, आत्ताच पाणी मारलं — हितं टाका, फळीवर. हां, बराबर. लाइट न्हाई म्हून मशीन बंद हाये, बसा दोन मिनिटं. अन् काय म्हणल्या तुम्ही, हसनाबादहून आल्या? आपलं भोकरदनकडचं हसनाबाद? तिथून हितं परतूरला, एक गादी भरायला? मंग हसू न्हाई तर काय करू! राजूरला देवळाच्या रस्त्यालाच दोन मशिनी हायेत, भोकरदनात हाये, जालन्यात तर गल्लोगल्ली हायेत — अन् तुम्ही गाडीच्या टपावर गादी बांधून आख्खा जिल्हा आडवा कापून माझ्याकडं? माझ्याकडंच काहून? मी काय रुईत अत्तर घालतो? न्हाई न्हाई, काम करतो मी, कामालाच बसलोय, वय सत्तरच्या पुढं गेलं तरी हात चालतेत. पन माणसानं ताकाला येऊन भांडं लपवू नये, एवढंच म्हणून राह्यलो.

अन् गाडीत कोण बसलंय? त्या पांढऱ्या गाडीत, मागच्या शिटावर. काच खाली करून कवाचं हिकडंच पाहून राह्यलंय. घरचं माणूस? मंग उतरवा की, घोटभर चहा पिऊ द्या — फरहाना, ओ फरहाना, दो कप चाय भेज बेटा! — सून हाये माझी, मागंच घर हाये. उतरत न्हाईत? गुडघे दुखतेत? बरं. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू हाये, मला नुसती पांढरी टोपी दिसती, तोंड दिसत न्हाई. दिसलं असतं तर बरं झालं असतं. माणूस आपल्याकडं पाहून राह्यला अन् आपल्याला त्याचं तोंड दिसंना, म्हणजे कसं वाटतं, तुम्हीच सांगा.

आना, पाहू द्या गादी. जुनी हाये. लई जुनी. ही निळ्या पट्ट्याची खोळ आता कुठं भेटत न्हाई, गिरणी बंद पडून जमाना झाला. अन् शिवण हाताची हाये… आतून गोळे लागतेत म्हणता? दाबून पाहतो. हे गोळे न्हाईत ताई, ही सरकी हाये. सरकी म्हणजे कापसाचं बी. झाडावरून आला तसा कापूस कोंबलाय आत, ना पिंजला ना काही. असल्या गादीवर कोण झोपतं? रातभर पाठीत खडे टोचल्यावानी टोचतं. पन्नास वरसं झोपला म्हणता? कोण झोपला? अन् कोणाला उसवू दिली न्हाई? आता बघा, हे असं बोलता तुम्ही अन् मंग म्हणता का हा म्हातारा संशय घेतो.

थांबा. हा कोपरा हिकडं करा जरा. न्हाई, तो न्हाई, हा… काही न्हाई. काही न्हाई ताई. दोरा हाये. लाल? असंल लाल. पांढरा संपला असंल त्या दिवशी, दुसरं काय. पन मला एक सांगा, तुम्ही गादी ठिवल्या ठिवल्या बोट बराबर ह्याच टाक्यावर ठिवलं. एका गादीला चाळीस टाके असतेत. तुम्हाला हाच काहून दिसला? कोणी दाखवला? तो मोबाइल आधी पालथा ठिवा. रेकॉर्डिंग न्हाई म्हणता, सगळे तेच म्हणतेत. मागं एक जण आल्ता, शेतकऱ्याचं ओळखपत्र काढतो म्हणला, नाव इचारलं, आधार इचारलं, अंगठा घेतला. मी म्हणलो बाबा माझ्याकडं एक कुंडीभर माती न्हाई, मी कशाचा शेतकरी? तरी अंगठा घेऊन गेला. कशाला नेला असंल? आजपोस्तर मला झोप न्हाई.

ही खोड एकट्या माझी न्हाई ताई, आमच्या सगळ्या पिढीची हाये. आम्हाला ती लागली एकाधिकारात. एकाधिकार म्हणजे काय म्हणता? आता काय सांगावं — तुम्हाला ठाऊकच न्हाई का ठाऊक असून इचारता? बरं, सांगतो, लाइट येईपोस्तर सांगतो. त्यात लपवायसारखं काही न्हाई, सगळा जिल्हा जाणतो.

एकाहत्तरची लढाई झाली. बांगलादेशची. जिंकलो आपण. परतूरच्या टेसनावर मिठाई वाटली, मी स्वतः खाल्ली, सतरा-अठरा वरसांचा व्हतो मी. मंग बाजारच्या दिवशी एक जीप आली, वर भोंगा, अन् भोंग्यातून म्हणले का आता समाजवाद येणार. हा शब्द मी पहिल्यांदा तव्हा ऐकला. अब्बाला इचारलं का हे काय असतं, तर अब्बा म्हणले, काही तरी सगळ्यांचं एक असतं बेटा, चांगलंच असंल. खोटं कशाला बोलू, मला बी आनंद झाला. व्यापारी काही धुतल्या तांदळाचा नव्हता. कापसाच्या ढिगावर बसून मापात मारायचा, भाव पाडायचा, कास्तकार रडत घरी जायचा. तर सरकार म्हणलं, आता व्यापारी नकोच. कापूस सगळा आम्हीच घेणार. राज्यात कोणी दुसऱ्यानं एक बोंड इकत घेतलं तर गुन्हा. ह्याला म्हणायचे एकाधिकार. झालं काय, का रोग रेड्याला अन् औषध पखालीला. लढाई तिकडं पलीकडं झाली अन् नाका बसला आमच्या वेशीवर.

आधी आधी ठीक चाललं. ठरलेला भाव भेटायचा, हे बी खरं हाये, मी कोणाचं खोटं सांगणार न्हाई. मंग रांगा लागल्या. खरेदी केंद्राच्या समोर बैलगाड्या आठ-आठ दिस उभ्या, बैल बसले खाली, गाडीखाली माणसं झोपून राह्यली, अन् नंबर आला का साहेब मूठभर कापूस उचलणार, फुंकणार अन् म्हणणार, दोन नंबर. कोणी इचारायचं न्हाई का एक नंबर काहून न्हाई. इचारायचं कोणाला? दुसरा घेणारा हाये कोण? अन् एकट्या कापसाचंच तसं नव्हतं. साखरेला परमिट, सिमिटाला परमिट, रॉकेलला रांग, ज्वारीला लेव्ही, म्हणजे सरकारला सक्तीनं घालायचा वाटा. घरात लग्न निघालं तर पोरीचा बाप आधी तहसीलात जायचा साखरेचं परमिट काढायला अन् मंग भटाकडं जायचा मुहूर्त काढायला. हसू नका, खरंच असं व्हतं. ज्याच्या हातात शिक्का तोच देव.

अन् पिंजारी? आम्हाला कोण इचारतं! आमचं पोटच कापसावर. कास्तकार गाठोडंभर कापूस आणून द्यायचा, आम्ही पिंजायचो, गादी भरून द्यायचो, बाप-दादाच्या जमान्यापासून. आता आमच्या घरात कापूस सापडला तर चोरीचा. रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, पाहिजे तर केंद्रावरून कागद आना, कागदावर शिक्का आना. आठ महिने कागद भेटला न्हाई. आठ महिने धुनकी खुंटीला लटकत राह्यली. धुनकी पाह्यली का तुम्ही? ती काय, वर टांगली हाये, माणसाएवढी कमान, तिची तात वाजायची तर गल्लीला कळायचं का पिंजाऱ्याच्या घरी आज चूल पेटणार. अब्बा त्याच साली गेले. अम्मी, चाँदबी नाव तिचं, लोकांच्या घरी धुणं धुवायला जायला लागली. मी घरात बसून राह्यलो. जवान माणूस घरात बसला का भिंती खायला उठतेत.

चहा घ्या. साखर कमी हाये, मला शुगर हाये म्हून सगळ्यांनाच कमी भेटती. काय म्हणल्या, गादीत कापूस कसा आला? वा. बराबर मुद्द्यावर आल्या. मला वाटलंच.

सांगतो. तिकडं आंध्रात एकाधिकार नव्हता. बासरचा पूल वलांडला का पलीकडं कापूस कोणी बी घेतं, उभ्या उभ्या घेतं, फुंकत न्हाई अन् नंबर लावत न्हाई. पन नेणार कसा? सरहद्दीवर नाका, नाक्यावर शिपाई, कापसाचं पोतं दिसलं का जप्त. तर आमच्या हितल्या एका मोठ्या कास्तकारानं डोकं लावलं. तो म्हणला, कापूस जाऊ देत न्हाईत, पन गादी तर जाऊ देतेत? अन् लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर गाद्या असायच्याच. मंग काय, लग्न लावलं! खोटं. टरक केला, टरकाला केळीचे खुंट बांधले, नवरदेव बसवला मुंडावळ्या बांधून, अन् मागं पंधरा-वीस गाद्या, सगळ्या कापसानं फुगलेल्या. भरल्या कोणी? मी भरल्या. दुसरं कोण भरणार? नवरी म्हून बसवायला कोणाची पोर कोण देणार, तर त्याचाच सालगडी बसवला, भिवा नावाचा. मिशी काढली भिवानं, शालू नेसला, पदर ओढून टरकात बसला. शिपायानं इचारलं, नवरी रडत काहून न्हाई? तर ह्या पठ्ठ्यानं असा गळा काढला असा गळा काढला का शिपाईच म्हणला, जाऊ द्या बाबा, जाऊ द्या लौकर. दोन वरसांत तीन लग्नं झाली भिवाची. आम्ही पोट धरून हसायचो. तो दुपारी माझ्याकडंच येऊन बसायचा. अम्मी त्याला बशीतून चहा द्यायची, दुलहन म्हणायची त्याला, आओ दुलहन, बैठो. आमच्या, मुसलमानाच्या घरी चहा प्यायचा म्हणजे तव्हा सोपी गोष्ट नव्हती, पन तो प्यायचा.

आता तुम्ही हे सगळं ऐकून मान हलवून राह्यल्या, अन् मला अजून सांगितलं न्हाई का तुम्ही कोण. तृप्ती? नाव झालं. घर? राहू द्या, राहू द्या, मीच सांगतो. ह्या खोळीचं कापड ज्यानं आणलं तो कास्तकार म्हणजे भुजंगराव. त्याच भुजंगरावाची नात न तू? ही मान हलवली ती हो म्हणली का न्हाई म्हणली, मला दिसलं न्हाई बराबर. पन मी ओळखतो न. निळ्या पट्ट्याच्या सोळा खोळी शिवल्या मी, आणि कोणाच्या शिवल्या न्हाई. भुजंगरावाच्या घरातूनच आली ही. तुझा आजा तर गेला, अल्ला त्याला जन्नत देवो, का तुमच्यात म्हणतेत तसं काय ते. मरताना काही बोलला व्हता का? माझं नाव? मंग ही गादी तुला दिली कोणी अन् माझ्या दारात आणायला सांगितलं कोणी?

बघ पोरी. आता तुला पोरीच म्हणतो, तू नातीसारखी. तुझ्या आत्याचं जे झालं त्याचं मला आजबी वाईट वाटतं. सत्यशीला. सगळ्यांनी तुला सांगितलंच असंल. चौथ्या वेळी जे लग्न निघालं ते खरं निघालं. सत्यशीलाचं. बासरच्या पलीकडच्या गावातला नवरदेव, चांगलं घर. तुझा आजा म्हणला, टरक चाललाच हाये तर मोकळा कशाला न्यायचा? सोळा गाद्या केल्या. सहा खऱ्या रुईच्या, पोरीसाठी. दहा कापसाच्या. लग्न खरं अन् गाद्या खोट्या, असं ते झालं. आणि नाक्यावर त्या दिवशी शिपायानं सोळा गाद्या पाह्यल्या न्हाईत. बराबर कापसाच्याच ओढल्या. चाकू घातला अन् भर रस्त्यात कापूस उधळला. समोरून नवरदेवाकडचे मानकरी आल्ते, सनई वाजवत नाक्यापोस्तर सामोरे आल्ते बिचारे, त्यांच्यापुढं. सत्यशीलाच्या शालूवर कापूस, केसात कापूस. नवरदेवाचा बाप म्हणला, चोराच्या घरची पोर आम्हाला नको. तिथून वऱ्हाड माघारी आलं. भुजंगराव दोन रात्री कोठडीत.

तिचं मंग लग्न झालंच न्हाई. बालवाडीत मास्तरीण झाली, पिकून गेली आता. हितूनच जाती रोज. माझ्या दुकानापुढं आली का थांबती, म्हणती, नबीभाऊ, बरं हाये न? मी म्हणतो, बरं हाये ताई. अन् ती गेली का मला अर्धा घंटा काही सुधरत न्हाई.

कोणी सांगितलं नाक्यावर? हेच इचारायला आली न तू? भिवानं सांगितलं. सगळा गाव म्हणतो. टरक त्यानं भरला, कोणती गादी कशाची ते त्याला ठाऊक. फितूर झाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतेत, तसंच त्याचं झालं — त्या दिवसापासून मान वर केली न्हाई त्यानं. माझ्यासमोर… न्हाई, मी मारलं न्हाई. गावानं मारलं. चावडीपुढं. मंग रातोरात बायकोला घेऊन निघून गेला, कुठं गेला कोणी इचारलं न्हाई.

तू अशी काय पाहून राह्यली? कोपऱ्याकडं काय पाहती? सोड तो टाका. एक लाल टाका असला तर काय झालं?

…बरं. ऐक. आता तुला दिसलाच हाये तर ऐक, पन मोबाइल पालथा हाये न? केंद्रावरचा साहेब मला म्हणला व्हता, नबी, तुला रुईचा कागद पाहिजे का न्हाई? मी म्हणलो पाहिजे. म्हणला, मंग मला एवढंच कळू दे, कोणत्या गादीत काय हाये. बोलायचं न्हाई, सांगायचं न्हाई, नाव घ्यायचं न्हाई. नुसता कोपऱ्यात एक लाल टाका घालायचा. आता ह्याला चुगली म्हणशील तू? मी तोंडातून शबूद काढला न्हाई. दोरा काढला फकस्त. आठ महिने धुनकी लटकलेली, अम्मीचे हात सोड्यानं फुटलेले — तू पाह्यले असतेस ते हात तर तू बी घातला असता. अन् मला काय ठाऊक का लग्न खरं हाये? आधीची तीन खोटी, मला वाटलं हे चौथं बी खोटं. नवरी म्हून पुन्हा भिवाच बसणार, कापूस जाईल जप्तीत, भुजंगराव दुसरा पिकवंल, कोणाचं काय बिघडतं? बिलकुल असंच वाटलं मला. खुदा कसम.

साखर? कसली साखर? मी साखरेचं कवा बोललो… हां. परमिटचं बोललो. लई ध्यान देऊन ऐकती तू. बराबर हाये, खोट्या लग्नाला साखर लागत न्हाई. भुजंगरावानं तहसीलातून साखर आणल्ती. अन् बुंदी आमच्या घरी आल्ती, लग्नाच्या आधी चार दिस. सत्यशीला स्वतः घेऊन आल्ती. द्रोणात. अम्मीच्या पाया पडली, म्हणली, चाची, येजो लग्नाला. मी तिथंच बसून खोळी शिवून राह्यलो व्हतो. मी खाल्ली ती बुंदी. खाल्ली अन् त्याच हातानं दोरा ओवला.

ठाऊक व्हतं मला. बस? झालं तुझं समाधान? पन्नास वरसं झाली, कोणाला बोललो न्हाई, बायकोला न्हाई, पोराला न्हाई. मला कागद भेटला पोरी, शिक्क्याचा. चवथ्या दिवशी धुनकी वाजायला लागली. गल्लीतल्या बाया म्हणल्या, चाँदबी, पोरानं नाव काढलं. आता म्हणतेत, तो कायदाबी गेला, एकाधिकारबी गेला, आता कोणी बी कोणाचा कापूस घ्या. शिपाई पेन्शनीत गेले, साहेब मेला असंल. ज्यांनी तो भोंगा लावला ते कुठं हायेत? अन् आम्ही हितंच हाओत, एकमेकाच्या तोंडाकडं पाहत. तव्हापासून गावात कोणी कोणाच्या घरी सहज गेलं न्हाई. गेला तर घरवाल्याला वाटायचं, कोठीत काय हाये ते पाह्याला आला. ते कोणी माघारी घेतलं न्हाई.

अन् भिवाचं… तुझ्या आज्यानं कोठडीतून आल्यावर चावडीवर इचारलं का कोणाकोणाला ठाऊक व्हतं. तीन माणसं. तो, भिवा अन् मी. सगळे माझ्याकडं पाहायला लागले. माझ्याकडं, पिंजाऱ्याकडं. घरात अम्मी एकटी, गल्लीत आमची चार घरं. मी काही कोणावर आळ घेतला न्हाई. मी एवढंच म्हणलो, का भिवा परवा केंद्राकडं दिसल्ता मला. बस, एवढंच. दिसल्ता म्हणजे काय, रस्त्यानं चालला व्हता तो, बैल घेऊन. ते खोटं न्हाई. तो रोजच जायचा त्या रस्त्यानं.

एक शबूदबी बोलला न्हाई भिवा. माझ्याकडं पाह्यलं फकस्त. मी समजलो, बावळट हाये, त्याला काही कळलंच न्हाई.

मंग आता सांग, तुला काय पाहिजे? पोलिसात जाशील? जा. पेपरात छापशील? छाप. पन सत्यशीलाताईला नको सांगू. तेवढं नको. ती रोज थांबती हितं, रोज इचारती, बरं हाये न. उद्यापासून ती न थांबता पुढं गेली तर मी काय करू? ह्या वयात मी कुठं जाऊन दुकान मांडू? नऊ गाद्या नाक्यावर फाडल्या व्हत्या, दहावी भेटलीच न्हाई. मी पन्नास वरसं हाच इचार केला का दहावी कुठं गेली. मला वाटलं भुजंगरावाच्या माळ्यावर पडली असंल, एखाद्या दिवशी कोणी खाली काढंल अन् टाका पाहील. रोज सकाळी शटर वर केलं का आधी रस्त्यावर पाहतो, कोणी निळ्या पट्ट्याची गादी घेऊन आलं तर न्हाई. आज आली. भुजंगरावाच्या नातीच्या हातानं आली.

काय?

न्हाई म्हणजे? भुजंगरावाची न्हाई? मंग मघा मान… न्हाई म्हणून हलवली व्हती? मंग कोणाची तू? ही गादी… टरकात कोण बसलं व्हतं हिच्यावर? वर बसून आला म्हून शिपायाला दिसली न्हाई… कोण बसलं व्हतं? नाव सांग. नाव घे त्याचं.

…

भिवा.

तू भिवाची नात. हसनाबाद — हां, त्याची सासुरवाडी तिकडंच व्हती. म्हणजे तो गेला तव्हा ही घेऊन गेला. डोक्यावर. नाक्यावर नवाच्या नऊ गाद्यांचे कोपरे त्यानं पाह्यले अन् मंग आपल्या बुडाखालचा पाह्यला. म्हणजे चावडीवर त्याला ठाऊक व्हतं. मार खाताना ठाऊक व्हतं. अन् बोलला न्हाई? काहून बोलला न्हाई? घरी काही सांगितलं असंल न त्यानं, काही तरी म्हणला असंल — काय म्हणतो? नीट सांग. ‘गादी परतूरच्या नबीलाच द्या, त्याला ठाऊक हाये कुठून उसवायची.’ एवढंच? आणखी काय? ‘त्याच्या आईच्या हातचा चहा पेलो मी.’

या अल्ला.

घेऊन जा ही. उचल. मी न्हाई उसवत. दुसरीकडं ने, जालन्याला ने, कुठं बी ने. शटर खाली घेतो मी. अन् थांब — तू म्हणली का गुडघे दुखतेत त्याचे. तू म्हणली का तो उतरत न्हाई. मंग ते दार काहून उघडलं? गाडीचं दार काहून उघडलं? त्याला सांग तिथंच बस म्हणावं, रस्त्यात चिखल हाये, पडंल तो. तू जा, धर त्याला. ए पोरी, जा की.

उतरू नको. भिवा… उतरू नको.